बारा-चौदाचा पाना

दहा, बारा, चौदा, सतरा. जपानी गाडी उघडायची तर एवढे चार पाने हाताशी ठेव, बाकीचे पेटीत राहू दे, असं कळमेश्वरच्या काटोल रोडवरचा मिस्त्री गॅरेजमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक पोराला सांगतो. तेराचा पानाही पेटीत आहे, पण तळाशी. तेरा म्हणजे युरोप. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, तेरा आणि सतराच्या पान्यांनी खुलायची. अँबॅसडरचं तिसरंच. ती मूळची इंग्रजांची, तिचे नटबोल्ट इंचाच्या मापातले. आणि १९९२ च्या सुमारास त्याच अँबॅसडरच्या पोटात इसुझूचं १८१७ सीसीचं जपानी इंजिन आलं, तेव्हा एका गाडीला दोन पेट्या लागायला लागल्या: बॉडीला इंचाची, इंजिनाला मिलिमीटरची. मिस्त्रीचं जपान्यांशी नातं जुळलं ते असं, पान्यांच्या मापातून. पोस्टरवरची लाल स्पोर्ट्स कार बघून नव्हे.

त्याला नावाने फार कमी लोक हाक मारतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी तो नागपुरात हेल्पर म्हणून लागला, काही वर्षांनी गावी परतला आणि स्वतःचं शेड टाकलं. कळमेश्वर हे नागपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं, इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं ठिकाण. एका बाजूला एमआयडीसी आणि पत्र्याचा मोठा कारखाना, दुसऱ्या बाजूला कापूस आणि संत्री. त्यामुळे त्याचं गिऱ्हाईकही तसंच मिसळीचं. रात्रपाळी करून वॅगन आरमध्ये झोपाळलेला येणारा कामगार, मागची सीट काढून ऑल्टोत संत्र्यांचे क्रेट भरणारा बागायतदार, पंचवीस वर्षं एकच मारुती ८०० वापरणारे डॉक्टर. निसानची जीटी-आर या शेडखाली कधी उभी राहिलेली नाही, राहणारही नाही. तरी जपानी गाड्यांबद्दल त्याची जी मतं आहेत, ती जीटी-आर चालवणाऱ्यानेही एकदा ऐकावीत अशी आहेत.

मारुती आली तेव्हा जुन्या उस्तादांनी तिला साबणाचा डबा म्हणून हिणवलं होतं. सुझुकीबरोबर करार ऑक्टोबर १९८२ मध्ये झाला आणि १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या गाडीची चावी इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हातात दिली. नागपूरच्या गॅरेजांत या गाड्या कामाला यायला लागल्या तेव्हा उस्तादांची अडचण वेगळीच झाली. पेटी उघडली तर माप बसेना, आणि बसलं तरी हाताची सवय नडायची. अँबॅसडरचा नट अंगातला जोर लावून आवळायचा, ही पिढ्यांची शिकवण. तोच जोर मारुतीच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्पार्क प्लग बसवताना लावला की आटे गेलेच म्हणायचे.

पेचकसाचंही तेच. मिकुनी पद्धतीच्या कार्बोरेटरवर जे चौकडीचे स्क्रू असतात, ते दिसायला आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखेच. पण त्यांची खाच जपानी मानकाची, जरा वेगळ्या कोनाची. साधा फिलिप्स पेचकस तिच्यात तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की वर उचलला जातो आणि खाचेच्या कडा खाऊन टाकतो. मग ड्रिल मारा, नाहीतर छिन्नी लावून स्क्रू फिरवा. अशा कित्येक स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीकसा ठिपका असतो. ठिपका दिसला की जपानी माप. हे मिस्त्रीला कुणी शिकवलं नाही. डोकी खाल्लेले स्क्रू बघून बघून ते उमगलं. आता त्याच्याकडे तसा खास पेचकस आहे, टोकाला थोडा घासून घेतलेला, आणि तो दुसऱ्या कामाला वापरलेला त्याला खपत नाही. "काय करून राहिला बे? छिन्नी हाय का ते?" हे वाक्य शेडमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतंच.

इतकी छोटी गाडी जपान्यांनी काढली का, याचं उत्तर त्यांच्या कायद्यात आहे. युद्धानंतर, १९४९ मध्ये, तिथल्या सरकारने 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग ठरवला. कर कमी, विमा स्वस्त. अट एवढीच की गाडी आणि इंजिन ठरलेल्या मापाच्या आत हवं. इंजिनाची मर्यादा आधी बरीच वर्षं ३६० सीसी, १९७६ पासून ५५०, १९९० पासून ६६०. आजही केई गाडी ३.४ मीटरपेक्षा लांब आणि १.४८ मीटरपेक्षा रुंद असून चालत नाही. आपली ८०० याच घराण्यातली, सुझुकी ऑल्टोची आवृत्ती. भारतात ती ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनासह आली, एवढंच.

आता गंमत बघा. माप बांधून दिल्यावर जपानी इंजिनियर गप्प बसले नाहीत. १९८७ मध्ये सुझुकीने ऑल्टो वर्क्स काढली: ५४३ सीसी, तीन सिलिंडर, ट्विन कॅम, टर्बो, ६४ अश्वशक्ती. या शर्यतीला आवर घालावा म्हणून कंपन्यांनी आपसांत ठरवून ६४ हाच केई गाड्यांचा कमाल आकडा केला. १९९१ मध्ये सुझुकीनेच कॅपुचिनो नावाची दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आणली. ६५७ सीसी, वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. त्याच वर्षी होंडाची बीट आली. ऑल्टो वर्क्सचं आणि सुरुवातीच्या कॅपुचिनोचं इंजिन हे सुझुकीच्या एफ मालिकेतलं, आणि कळमेश्वरच्या डॉक्टरांच्या ८०० चं इंजिनही एफ मालिकेतलंच. टर्बो नाही, ट्विन कॅम नाही, पण रक्त एकच. मिस्त्रीला हे कळलं तेव्हा त्याला नवल कमी आणि समाधान जास्त वाटलं. या इंजिनाला रेस दिली की ते कुरकुरत नाही, उलट खुलतं, हे त्याच्या कानांना आधीच ठाऊक होतं. त्याचं कारण आता सापडलं.

शेडमधला पोऱ्या मात्र दुसऱ्या जपानात राहतो. फोनवरच्या रेसिंग गेममुळे त्याला सुप्रा, स्कायलाइन, आरएक्स-७ यांचे हॉर्सपॉवर तोंडपाठ. टोयोटाची एई८६ ही १५८७ सीसीची, मागच्या चाकांवर चालणारी, एका टनाहून हलकी गाडी जपानी कॉमिकमुळे जगभर पुजली जाते, हेही तो सांगतो. ती १९८३ ची, म्हणजे आपल्या ८०० च्याच वयाची, हे सांगायला मिस्त्री विसरत नाही. पोऱ्याने एकदा विचारलं, "काका, अशी एखादी जुनी गाडी जपानातून आणता येते काय?"

नाही येत. परदेशातली वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि वर जबर कर. जपानात स्टिअरिंग उजवीकडेच असतं, पण १९८९ ची स्कायलाइन तीन वर्षांच्या अटीतच अडकते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये जपानच्या जुन्या गाड्यांचा बाजार फुलला तो आपल्याकडे कधी फुलला नाही, त्याचं कारण हे. नवी जीटी-आर निसानने २०१६ च्या अखेरीस भारतात अधिकृतपणे आणली, किंमत दोन कोटींच्या घरात. त्या पैशांत कळमेश्वरच्या बाजूला बरीच शेती येते, असं कुणीतरी म्हणालं आणि विषय तिथेच संपला.

म्हणून भारतातल्या हौशी माणसाचं जपानी स्पोर्ट्स कारचं प्रेम चोरवाटेने, साध्या गाड्यांतून उतरलं. एस्टीम, झेन, जिप्सी, होंडा सिटी, लान्सर. रॅलीच्या मैदानात वर्षानुवर्षं हीच नावं. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ८०० चं इंजिन लावून एका सीटची फॉर्म्युला मारुती बनवली, आणि पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेलेल्या नरेन कार्तिकेयनने पहिली शर्यत केली ती श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर, याच फॉर्म्युला मारुतीत. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या गाडीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. तिचं तेल वेळेवर बदलायला त्यानंतरही त्यांना तीनदा आठवण करावी लागली, ही गोष्ट वेगळी.

तेलावरून सिटीची गोष्ट सांगायलाच हवी. १९९८ मध्ये आलेली पहिली होंडा सिटी आणि तिची पुढची, १०६ अश्वशक्तीची व्हीटेक आवृत्ती ही मिस्त्रीच्या मते भारतातल्या सामान्य माणसाला परवडलेली खरी जपानी स्पोर्ट्स कार. दिसायला साधी चार दाराची सेदान. पण इंजिन ५००० फेऱ्यांच्या पुढे गेलं की तिचा आवाज बदलतो आणि गाडी नव्याने उठते. अशी एक गाडी त्याच्याकडे आली. मालकाची तक्रार एवढीच: "गाडी चालते, पण पहिल्यासारखी पळत नाही. वरचा दम गेला." प्लग झाले, फिल्टर झाले, दुसरीकडे कुणीतरी क्लच बदलायलाही सांगितलं होतं.

मिस्त्रीने हेडच्या बाजूला असलेलं व्हीटेकचं सोलेनॉइड खोललं. दहाचा पाना, तीन बोल्ट. आत गॅस्केटमध्येच बसवलेली नखाएवढी जाळी असते. ती काळ्या, डिंकासारख्या गाळाने गच्च भरली होती. त्याने ती पांढऱ्या कापडावर ठेवली आणि मालकाला जवळ बोलावलं. इनटेक व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीसाठी कॅमवर तीन उंचवटे असतात, तीन रॉकर. गाडी आरामात चालताना बाजूचे दोन रॉकर आपापले व्हॉल्व्ह हलवतात, मधला नुसताच वरखाली होत राहतो. वेग वाढला की कॉम्प्युटर सोलेनॉइड उघडतो, तेलाचा दाब आतल्या पिना सरकवतो आणि तिन्ही रॉकर एकमेकांत अडकून एक होतात. मग हुकूम मधल्या, सर्वांत उंच उंचवट्याचा. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात, इंजिन भरभरून श्वास घेतं. आणि हे सगळं त्या जाळीतून जाणाऱ्या तेलावर अवलंबून. जाळी तुंबली की पिना सरकत नाहीत. गाडी बंद पडत नाही, फक्त निम्मा स्वभाव विसरते. पेट्रोलने धुतलेली जाळी, नवं गॅस्केट, नवं तेल, नवा ऑइल फिल्टर. संध्याकाळी मालकाने रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी वर नेली आणि परत येऊन नुसताच हसला. एवढी बारीक, बिनचूक रचना करणाऱ्यांनी ती माणसाच्या तेल बदलण्याच्या सवयीवर सोपवावी, हा मिस्त्रीला जपान्यांचा भाबडेपणा वाटतो. कदाचित त्यांच्याकडची माणसं वेळेवर तेल बदलत असतील.

त्याची स्वतःची गाडी मात्र सिटी नाही. झेन आहे, जुनी, गोल डोळ्यांची. १९९३ मध्ये आलेली ही गाडी इथे बनून युरोपात ऑल्टो नावाने गेली, हे तेव्हा अप्रूप होतं. ९९३ सीसीचं, ब्लॉकसकट ॲल्युमिनियमचं इंजिन, पन्नास अश्वशक्ती. आकडा ऐकून पोऱ्या नाक मुरडतो. मग मिस्त्री त्याला बाजूला बसवून धापेवाडा-आदासाच्या बाजूला नेतो. हाच त्याचा ट्रायलचाही रस्ता. ऐंशीच्या वर काटा जात नाही, जायची गरजही पडत नाही. वळण आलं की गिअर खाली, स्टिअरिंगला पॉवर नाही त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो, आणि गाडी इतकी बुटकी की साठचा वेग नव्वदसारखा वाटतो. पन्नासच्या पन्नास घोडे कामाला लावता येतात, हे तिचं सुख. दोनशे घोड्यांच्या गाडीतले दीडशे या रस्त्यावर नुसते बसून राहतील.

तिच्यात दोषही भरपूर आहेत. मोठा स्पीडब्रेकर आला की पोट घासतं, उंच माणसाचं डोकं टपाला लागतं, आणि पत्रा असा की टेकून उभं राहायचीही धास्ती. अपघातात अशा हलक्या गाडीचं काय होतं हे त्याने टोचन करून आणलेल्या गाड्यांत पाहिलंय. त्या बाबतीत तो जपान्यांची वकिली करत नाही, नव्या गाड्यांना एअरबॅग सक्तीच्या झाल्या ते चांगलंच झालं म्हणतो.

आणखी एक गोष्ट जपानच्या कागदांवर नव्हती: नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या पुढे, एसी चालू, मागे चार माणसं, आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. इथल्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतो, फॅनचा स्विच वेळेवर लागत नाही, गाडी तापते. लोखंडी हेड हे बरंच सहन करायचं; ॲल्युमिनियमचं हेड एकदा जोरात तापलं की वाकतं. मिस्त्री उतरवलेल्या हेडवर पोलादी पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवतो आणि खालून फीलर गेजची कागदापेक्षा पातळ पात सरकवून बघतो. पात गेली तर हेड लेथवर. पोऱ्याला हे काम कंटाळवाणं वाटतं. पण गिऱ्हाइकाला "कूलंट टाका" असं शंभरदा सांगण्यापेक्षा पट्टीखालून सरकणारी ती पात एकदा दाखवली की काम होतं.

हौशी पोरांचं येणं अलीकडे वाढलंय. नागपूरहून, काटोलहून येतात. कुणाला सायलेन्सर कापून आवाज हवा, कुणाला गाडी खाली बसवायची, कुणाला झेनमध्ये एस्टीमचं १.३ इंजिन टाकायचं. शेवटचं काम मिस्त्रीला मनापासून आवडतं. सुझुकीचं जी मालिकेतलं ते इंजिन एस्टीममध्ये होतं, जिप्सीत होतं, २००५ च्या पहिल्या स्विफ्टमध्येही होतं. एक खोललं की तिन्ही ओळखीची होतात. पण ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कंपनीने नोंदवलेल्या रचनेत मूलभूत बदल केलेल्या गाडीची नोंदणी होणार नाही. इंजिन बदलायचं तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, तेही आरटीओच्या परवानगीने. म्हणून पोरं आली की आधी आरसी बुक मागतो, मग ब्रेक बघतो. पन्नास घोड्यांसाठी दिलेल्या ब्रेकवर पंचाऐंशी घोडे सोडायला निघालेली पोरं ब्रेकचं नाव काढलं की हिशेब करायला लागतात, आणि बरीचशी तिथूनच परत जातात. सायलेन्सर कापायला तो सरळ नाही म्हणतो. "आवाज पाह्यजे त ढोलताशा लाव न राजा!"

२००७ मध्ये स्विफ्टला डिझेल इंजिन मिळालं तेव्हा त्याला सगळ्यात जास्त मौज वाटली. गाडी जपानी, इंजिन फियाटच्या परवान्यावरचं १.३ मल्टिजेट. दार, सस्पेन्शन, सीट बारा-चौदाने खुलतात. बॉनेटखाली हात घातला की तेरा लागतो. तळाशी पडलेला पाना पुन्हा वर आला. डिझेल स्विफ्ट लाखांनी खपली, चाललीही छान, आणि संत्र्याच्या हंगामात तिच्या ॲव्हरेजचं कौतुक त्याने भरपूर ऐकलं. पण पेट्रोलची पहिली स्विफ्ट हाती आली की तो अजूनही ट्रायल थोडी लांबवतो. पुढचा भाग हलका, इंजिन वर चढायला उतावीळ. डिझेलचं नाक जड. वळणात ते जाणवतं, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे.

सध्या शेडमध्ये वाद चाललाय तो जिम्नीवरून. गुडगावमध्ये बनणारी पाच दारांची जिम्नी सुझुकीने जानेवारी २०२५ मध्ये जपानात 'नोमाड' नावाने विकायला काढली आणि चार दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास मागण्या आल्याने बुकिंग थांबवावं लागलं. पोऱ्याने ही बातमी फोनवर वाचून दाखवली, आवाजात अभिमान. आपल्याकडची गाडी जपानी माणूस रांग लावून घेतो म्हणजे काय! मिस्त्रीने हातातला कार्बोरेटर खाली ठेवला नाही. इंजिन कोणतं, विचारलं. दीड लिटर, १०५ घोडे. वजन? बाराशे किलो.

"जिप्सी हजाराच्या आत होती," तो म्हणाला. "दोनशे किलो काह्याचे वाढवले?"

पोऱ्या एअरबॅग, एसी, मोठा स्क्रीन, मागची दोन दारं मोजायला लागला. मिस्त्रीने एअरबॅग आणि एसी मान्य केले. दारांवर आणि स्क्रीनवर अजून एकमत झालेलं नाही.